गांधार जरा खाली

एप्रिल-मे महिन्यात जळगावात मैफल ठेवणाऱ्याला गाण्याची हौस जरा जास्तच असावी. रात्री नऊ वाजतासुद्धा भिंती तापलेल्या असतात. कूलर चालू ठेवला तर गाणं ऐकू येत नाही, आणि बंद केला तर गाणारा आणि ऐकणारे दोघेही घामाने निथळतात. पण खरे हाल होतात ते तंबोऱ्याचे. आमच्याकडचं ऊन कोरडं. त्या हवेत खुंटीचं लाकूड आकसतं, खुंटी भोकात सैल होते, पोलादी तार उष्णतेने वाढून ढिली पडते आणि लावलेला षड्ज बसल्या जागी खाली सरकतो. साथीला बासरी असेल तर आणखी गंमत. गरम हवेत आवाजाचा वेग वाढतो, म्हणून बासरी वर चढते. २७ अंशांवर जुळलेली बासरी ४५ अंशांच्या हवेत गेली तर हिशेबाने जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराएवढी चढायला हवी. वाजवणाऱ्याची फुंकर अंगाच्याच उष्णतेची असल्यामुळे प्रत्यक्षात तेवढी चढत नाही, पण चढते. तंबोरा खाली निघालेला, बासरी वर निघालेली, आणि मध्ये पेटी आपल्या जागेवर ठाण मांडून.

मग गायक मागे वळून डोळ्यांनीच खुणावतो आणि तंबोऱ्यावरचा शिष्य घोडीच्या खालचा मणी सरकवतो. तो मणी असा कितीसा सरकतो? ज्वारीच्या दाण्याएवढा, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. तेवढ्याने सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचाही चेहरा बदलतो. त्या माणसाला श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या या बारीक पायऱ्या, म्हणजे काय हे विचारलं तर तो हात जोडेल. पण मघाशी काहीतरी खुपत होतं आणि आता खुपत नाही, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं.

ही जी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा आहे, तिच्यावर जगभर शेकडो वर्षं माणसांनी डोकं फोडून घेतलं आहे. मीही त्यातलाच, अर्थात फार लहान प्रमाणावर. मी पेटी वाजवतो, संध्याकाळी चार मुलं शिकायला येतात, आणि पेटीवाल्याने श्रुतींबद्दल बोलू नये असं मानणारे लोक आमच्या गावात कमी नाहीत. त्यांचं ऐकून घेऊन बोलतो.

मापायला आधी माप हवं. ते अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने १८८५ साली दिलं. सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे १२०० समान भाग करायचे आणि एका भागाला सेंट म्हणायचं. पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये, काळी धरून, बरोबर १०० सेंट. कान तयार असेल तर पाच-सहा सेंटचा फरकही कळतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये पुष्कळ काही राहू शकतं. पेटीवर मात्र तिथे फट असते आणि फटीत धूळ.

आता एक साधा हिशेब. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तंबोरा उत्तम जुळला असेल आणि जवारी (घोडीवर तार टेकते ती घासलेली जागा) खुली असेल तर खर्जाच्या तारेतून कोणी न छेडताही गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो आपल्या सप्तकात आणला की येतो ३०० कंपनांवर, म्हणजे सा च्या बरोबर सव्वापट. पेटीचा गांधार मात्र जवळजवळ ३०२.४. फरक अडीच कंपनांच्या आतबाहेर, सेंटमध्ये सुमारे १४. वाचताना तो क्षुल्लक वाटतो. पण सा आणि गांधार दोन्ही एकदम दाबून धरा आणि कान वरच्या उपस्वरांकडे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांच्या बारीक स्वरांकडे, न्या. सा चा पाचवा उपस्वर १२०० वर आणि पेटीच्या गांधाराचा चौथा १२०९ च्या वर, म्हणून सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात. पेटीच्या गांधारात जी एक बारीक थरथर असते ती हीच. पंचमाचं तसं नाही. पेटीचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त दोन सेंटने उतरलेला, त्याचा ठोका सेकंदाला एकसुद्धा पुरता पडत नाही. म्हणून पेटीवर पंचम गोड लागतो आणि गांधार कडक. पेटीवर टीका करणारे सरसकट टीका करतात. खरं तर तिचा मोठा गुन्हा गांधार, धैवत आणि निषाद यांच्याबाबतीत आहे, बाकी शुद्ध स्वरांवर ती बऱ्यापैकी सज्जन आहे.

इथपर्यंतचं सगळं पेटीच्या गळ्यात घालता येतं. पण पेटी बाजूला ठेवली तरी भानगड मिटत नाही, आणि मला खरा रस त्याच ठिकाणी आहे.

पेटी नको, फक्त तंबोरा घ्या आणि षड्ज-पंचम भाव धरून चाला. सा चा पंचम प. पंचमाचा पंचम रे. ऋषभाचा पंचम ध. धैवताचा पंचम ग. सगळे एका सप्तकात आणून बसवले की सा रे ग प ध, म्हणजे भूप. काही न शोधता, नुसतं एकच अंतर पाच स्वर येईपर्यंत वापरून, भूपाचे स्वर हातात येतात. त्यातल्या पायऱ्या दोनच मापांच्या: एक २०४ सेंटची, एक २९४ ची. दोन्ही ऐसपैस. भूपात कुठे घुसमट नाही याचं एक कारण हेही असावं. साखळी आणखी दोन कड्यांनी वाढवली की नि येतो आणि तीव्र म येतो, आणि समोर यमन उभा राहतो. आता मापं बदलली. मोठी पायरी २०४ ची आणि लहान पायरी ९० ची. नि पासून सा आणि तीव्र म पासून प. यमनाचा सगळा जीव या दोन लहान जागांत आहे. नि वर थांबलेला गायक सा वर कधी येतो याची वाट आपण ज्या अधीरतेने बघतो, ती वाट २०४ च्या पायरीवर बघवत नाही.

अमेरिकेतल्या एर्व विल्सनने विसाव्या शतकात या गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास केला: एकच अंतर पुन्हा पुन्हा रचत गेलं की काही ठराविक संख्यांवर सप्तकात फक्त दोनच मापांच्या पायऱ्या उरतात. पंचमाच्या साखळीत पाचपासून पुढे त्या संख्या ५, ७, १२, १७ अशा येतात. पाचवर भूप, सातवर यमन, बारावर आपलं ओळखीचं बारा स्वरांचं सप्तक. मधल्या संख्येवर थांबलात, समजा आठवर, तर तीन मापं होतात. विल्सनने ही रचना कोणत्या रागासाठी केली नव्हती. तरी आपले दोन सर्वांत आधी शिकवले जाणारे राग त्या यादीतल्या पहिल्या दोन संख्यांवर बसतात, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आता मुद्दा. पंचमाच्या साखळीने आलेला भूपातला गांधार कितीवर बसतो? हिशेब करा, ३०३.७५. आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप बोलणारा गांधार ३००. दोन्ही मार्ग शुद्ध. पंचम शुद्ध धरला म्हणून पहिला आला, खर्ज शुद्ध धरला म्हणून दुसरा. कुठेही कोणी बेसूर झालेलं नाही, तरी दोन गांधार निघाले. त्यांच्यातलं अंतर ८१/८०, साडेएकवीस सेंट. आपल्याकडच्या आधुनिक मांडणीत यालाच प्रमाण श्रुती म्हणतात.

सगळ्यात लहान पायरी अशी जन्माला येते. कोणी सप्तकाची पट्टी घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करत बसलं म्हणून ती आली नाही. दोन खरी उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत म्हणून ती आली. हे एकदा नीट ध्यानात आलं की सूक्ष्म स्वरांबद्दलची बरीचशी भांडणं वेगळी दिसायला लागतात.

युरोपाने या साडेएकवीस सेंटचं काय केलं? चक्क इस्त्री फिरवली. पंचम थोडा थोडा उतरवायचा, म्हणजे चार पंचमांची साखळी बरोबर गोड गांधारावर येऊन पोचते आणि दोन गांधारांचा एक होतो. हाच विचार पुढे नेऊन सप्तकाचे ३१ समान भाग करता येतात, हे सतराव्या शतकाच्या अखेरीस डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने दाखवलं. विसाव्या शतकात फोकर नावाच्या डच भौतिकशास्त्रज्ञाने ३१ स्वरांचा खराखुरा ऑर्गन हार्लेमच्या संग्रहालयात उभा केला. त्याची एक पायरी सुमारे ३९ सेंटची. उलट ५३ भाग केले तर एक पायरी २२.६ सेंटची येते, म्हणजे जवळजवळ प्रमाण श्रुतीएवढी, आणि दोन गांधार दोनच राहतात. तुर्कस्तानातले संगीतज्ञ आजही पूर्ण स्वराचे नऊ भाग मोजतात, ते याच ५३ च्या हिशेबातले. थोडक्यात, एकाला ती फट बुजवायची होती आणि दुसऱ्याला मोजायची होती. अमेरिकेतल्या हॅरी पार्चला कोणाचंच पटलं नाही. त्याने सप्तकाचे ४३ असमान भाग पाडले आणि ते वाजवायला स्वतःची वाद्यंही सुताराच्या हत्यारांनी स्वतःच घडवली. असल्या माणसांबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे.

आणि आपण? आपण २२ म्हटलं.

चाळीसगावहून पाटणादेवीला गेला असाल तर तिथे डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. १२०७ सालचा शिलालेख तिथला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, त्याची ती नोंद. भाऊ दाजी लाडांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. शेवटच्या ओळी मराठीत आहेत आणि त्यात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी काय घ्यायचं याचा हिशेब आहे. गणिताच्या मठाचा खर्च बाजारातल्या मापांवर चालत होता! आमच्या खानदेशी स्वभावाला हे फार शोभून दिसतं.

याच सिंघणाच्या दरबारात, घाट चढून वर गेलं की देवगिरीला, शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबांचं नाव भास्कर (हे भास्कर वेगळे, गोंधळ नको). हुद्दा श्रीकरणाधिपाचा, म्हणजे राज्याचा हिशेबनीस. वैद्यकीही जाणायचा. आणि त्याने संगीतरत्नाकर लिहिला. चांगदेव आणि शार्ङ्गदेव एकमेकांना ओळखत होते का, याबद्दल मी कल्पना लढवणार नाही. पण एकाच राजाच्या पदरी एक आकाशातले अंश मोजणारा आणि एक सप्तकातले अंश मोजणारा, आणि मधे फक्त एक घाट, एवढं तर खरंच.

शार्ङ्गदेवाची रीत अगदी हिशेबनिसाची. वीणेला २२ तारा लावा. पहिली सर्वांत खाली. दुसरी तिच्याहून जराशी उंच, इतकीच उंच की दोघींच्या मध्ये तिसरा आवाज कानाला सापडू नये. अशा एकेक करत बावीस. त्यांची नावं तरी किती देखणी: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती, दयावती, रंजनी, रक्तिका... शेवटी उग्रा आणि क्षोभिणी. सा ला चार, रे ला तीन, ग ला दोन, म ला चार, प ला चार, ध ला तीन, नि ला दोन. मुलांना ही नावं पाठ करायला लावणारे परीक्षक असतात. मी लावत नाही. नावं पाठ झाली की मुलाला वाटतं की श्रुती कळली.

मला जास्त मोह पडतो तो याहून जुन्या, भरताच्या प्रयोगाचा. नाट्यशास्त्रात तो आहे, शार्ङ्गदेवानेही बावीस तारांवर तो करून दाखवला. दोन वीणा सारख्या लावायच्या. एक अचल, एक चल. अचल वीणेला हात लावायचा नाही. चल वीणेवरचा पंचम एक श्रुती उतरवायचा आणि मग बाकीचे सगळे स्वर त्याच मानाने उतरवायचे. पहिल्या उतरणीत काहीच कुणाशी जुळत नाही. दुसऱ्यांदा उतरवलं की चल वीणेचे ग आणि नि अचल वीणेच्या रे आणि ध मध्ये जाऊन मिसळतात. म्हणजे या दोघांना दोन दोन श्रुती. तिसऱ्यांदा उतरवलं की रे आणि ध हे सा आणि प मध्ये मिसळतात: तीन तीन. चौथ्यांदा सा, म, प हे नि, ग, म मध्ये: चार चार. चार, सहा आणि बारा मिळून बावीस.

या प्रयोगात एकही आकडा आधी गृहीत धरलेला नाही. अपूर्णांक नाही, तारेची लांबी नाही. मोजणी होते ती फक्त स्वर स्वरात मिसळून गेल्यावर. चल वीणा आणि अचल वीणा यांच्यात थरथर चालू असते तोवर अंतर आहे, थरथर थांबली की पोचलो. लहान पायरी किती लहान आहे हे भरत सांगत नाही. किती पायऱ्या उतरल्यावर कोण कोणाला भेटतं एवढंच तो सांगतो. ८१/८०, २५/२४, २५६/२४३ हे गुणोत्तरांचं जे कोष्टक आज आपण श्रुतींच्या नावावर वाचतो, ज्यात सात पायऱ्या ९० सेंटच्या, पाच ७१ च्या आणि दहा २२ च्या येतात, ते मागाहून लावलेलं गणित आहे. गणित म्हणून ते फार सुंदर जुळतं, सेंटचे अपूर्णांक न सोडता केली तर बेरीज बरोबर १२०० येते. पण ते भरताच्या तोंडी घालू नये.

त्याच्या तोंडी ते घालण्याचा मोह मात्र अनेकांना झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून त्यांनी तारांवर मापं घेतली. क्लेमंट्स नावाचा इंग्रज सनदी अधिकारी त्यांच्या बाजूला उभा राहिला आणि खास श्रुतींची पेटी इंग्लंडात बनवून घेतली गेली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना हे मुळीच पटलं नाही. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय चांगलाच रंगला. पुढे १९४० पासून आकाशवाणीने पेटीलाच दार बंद केलं, ते १९७१ मध्ये किलकिलं झालं. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे २२ श्रुतींची पेटी करून दाखवली, तिच्यात प्रत्येक स्वराची वरची किंवा खालची श्रुती निवडता येते.

माझं मत विचाराल तर देवलांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे आणि त्यांच्या निष्कर्षाशी सहमत नाही. १९६३ साली जैरझभॉय आणि स्टोन यांनी हिंदुस्तानी संगीतातले स्वर यंत्रावर मोजले तेव्हा तोच स्वर दर वेळी त्याच जागी बसलेला आढळला नाही, एकाच वादनात तो मागेपुढे होत होता. याचा अर्थ कलाकार बेसुरे होते असा कोणी काढला तर त्याने गाणं सोडून दुसरं काही बघावं. दरबारीचा कोमल गांधार घ्या. तो उभा राहतच नाही, झोके घेतो. तोडीचा गांधार त्याच पट्टीवरचा, पण त्याचा स्वभाव वेगळा, तो ऋषभाकडे ओढलेला. या गांधारांना बावीसपैकी कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवत बसलं की आंदोलन हातातून निसटतं. लहान पायरीवर कोणी उभं राहत नाही. तिच्यावरून कुठेतरी जातात, आणि कुठून कुठे जातात त्यावर तिचं माप हलतं.

हे मला शास्त्रीय गाण्यापेक्षा कानबाईच्या रात्री जास्त स्पष्ट ऐकू आलं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साज. रोटांचा नैवेद्य होतो आणि रात्रभर बाया गातात. चार, फार तर पाच स्वरांत गाणं फिरतं. वर जायची घाई नाही. एकदा मी हौसेने पेटी घेऊन बसलो आणि त्यांच्या गाण्यात स्वर भरायला लागलो. दोन कडवी सोसल्यावर मावशीने गाता गाता हात वर केला आणि म्हणाली, "तुनी पेटी आमना गाणाले पुरस नही, भाऊ." बाया खळखळून हसल्या. पेटी मिटली आणि ऐकत बसलो.

अडत होतं गांधारावर. कोमल दाबला तर त्यांचा गांधार वर राहायचा, शुद्ध दाबला तर खाली. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे कुठेतरी त्यांचा मुक्काम. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप लावून पाहिलं. काटा कोमल आणि शुद्धच्या मध्ये हेलकावे खात होता, पण वाटेल तसा नाही. ओळ चढताना जरा वर, ओळ उतरताना जरा खाली, आणि शेवटच्या "वो माय" वर सगळ्यांत खाली. दहा-बारा बाया, त्यातल्या दोघी-तिघी सत्तरी ओलांडलेल्या, आणि सगळ्यांचा काटा एकत्र हलत होता. कोणी कोणाला शिकवलेलं नाही, तंबोरा नाही, मापाला काहीच नाही. एकीने दुसरीत मिसळायचं, एवढाच नियम. भरताच्या दोन वीणांचा नियम याहून फार वेगळा आहे का?

असा मधला गांधार जगात दुसरीकडेही आहे. आठव्या शतकात बगदादला झलझल नावाचा, ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा होता. त्याने ऊदच्या दांडीवर दोन गांधारांच्या मध्ये एक वेगळा पडदा बांधला, आणि तो पडदा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अल-फाराबीने त्याचं गुणोत्तर लिहून ठेवलं, ते साधारण ३५५ सेंटवर येतं. मावश्यांच्या गांधाराचा आणि झलझलच्या पडद्याचा काही संबंध आहे असं मी सुचवत नाही. गळ्याला तिथे जावंसं वाटतं, एवढंच दोन्हीकडे सारखं. तिथे एका वादकाने त्या जागेला पडदा दिला म्हणून ती शास्त्रात गेली. इथे ती ओट्यावर राहिली, आणि परीक्षेला बसलेल्या मुलीने तिथे स्वर लावला तर तिचे गुण कापले जातात. हे मी होताना पाहिलं आहे, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

पेटी दुरुस्त करणारे एक आप्पा आहेत. जुन्या जळगावात एका बोळात त्यांचं दुकान, दुकान कसलं, एक ओटा. मला जे काही सेंटबिंट कळतं ते पुस्तकातून, पण हाताला कळणं म्हणजे काय ते आप्पांकडे बघून कळतं. पितळेची सूरपट्टी ते डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरतात, तिच्यावरच्या थरथरणाऱ्या जिभेखाली पातळ पत्र्याची चकती सरकवतात आणि बारीक कानशीने टोकाशी एक-दोन हात मारतात. टोक हलकं झालं की सूर चढतो. उतरवायचा असेल तर मुळाशी घासतात, तिथे पातळ झालं की ताकद कमी होते. एक हात जास्त पडला तर परत यायला उलट बाजूने घासावं लागतं, आणि सूरपट्टी काही जन्मभर घासायला पुरत नाही. मारला हात, सूर बसवला, भाता ओढला, शेजारच्या सुराबरोबर ऐकला. ठोके मोजत नाहीत ते. मान तिरकी करून, ओठ मुडपून थरथर किती जलद आहे ते ऐकतात आणि म्हणतात, "अजून बोलतोय." न बोलेपर्यंत घासायचं.

त्यांच्याकडे एका भजनी मंडळाची पेटी आली होती. मंडळाचा एकच आग्रह: आम्ही कायम काळी एकमध्येच (म्हणजे पहिली काळी पट्टी सा धरून) म्हणतो, आमचा गांधार गोड करून द्या. आप्पांनी करून दिला. गांधार उतरवला, धैवत उतरवला, निषाद उतरवला. सगळं काळी एकच्या खर्जाशी मिळवून. गावात पेटीची वाहवा झाली. मग सप्ताहाला दुसऱ्या गावचे बुवा आले, त्यांची पट्टी काळी दोन. काळी दोन म्हणजे या पेटीचा ऋषभ, आणि काळी दोनचा पंचम म्हणजे या पेटीचा धैवत, जो आप्पांनी उतरवून ठेवलेला. शुद्ध पंचमापेक्षा तो पूर्ण २२ सेंटने खाली निघाला. गांधार गोड करताना जी फट बाजूला सारली होती ती नेमकी बुवांच्या पंचमात येऊन बसली. पंचम बिघडलेला भजनी माणूस किती चिडतो हे ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. बुवांनी पेटी बंद करवली आणि टाळावर म्हटलं.

आप्पांना मी म्हटलं, "यावर उपाय म्हणून तर साहेबलोकांनी सगळे सूर सारखे बेसूर करून टाकले." आप्पा म्हणाले, "म्हणजे भांडण मिटवायला सगळ्यांनाच थोडं थोडं कापलं." बारा समान स्वरांच्या पद्धतीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

तरी पेटी मला सोडवत नाही. बालगंधर्व लहानपणी जळगावात होते, गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथेच मेहबूब खाँकडे घेतले. पुढे आयुष्यभर त्यांच्या गळ्यामागे ऑर्गन होता आणि सारंगीही होती. एक वाद्य स्वराच्या जागा दाखवणारं, दुसरं जागांच्या मधून फिरणारं, आणि गळा दोघांच्या मधून हवा तसा जाणारा. ऑर्गनचा गांधार कडकच होता. त्यांचं गाणं ऐकताना तो कोणाला खुपतो?

साथीची युक्ती साधी आहे आणि जुन्या पेटीवाल्यांना सगळ्यांना ती माहीत असते. मीही आता मुलांना हेच सांगतो. भूप चालू आहे, गायकाने गांधारावर ठिय्या दिला, तंबोऱ्याचा खर्ज बोलतोय, तर आपण गांधाराची पट्टी दाबून धरायची नाही. हलकं बोट लावून सोडून द्यायचं आणि सा-प धरून बसायचं. गायक गांधारावरून खाली निघाला की ऋषभावर त्याला गाठायचं. दरबारीचा गांधार आला तर बोट पट्टीवर न नेलेलं बरं. मुलं विचारतात, मग सर, आम्ही किती वेळ वाजवायचंच नाही? परवा एकीने विचारलं आणि तिच्या भावाने उत्तर दिलं, आजी गाते तेव्हा तर आपण अख्खी पेटी झाकून ठेवतो.